बांडगूळ कोणाला म्हणायचं?

मराठीत 'बांडगूळ' हा शब्द झाडावरच्या वनस्पतीसाठी जितका वापरला जातो, त्याहून जास्त माणसांसाठी वापरला जातो. दुसऱ्याच्या जिवावर जगतो तो बांडगूळ. शब्द तोंडातून निघाला की निवाडा झालेला असतो, पुढे काही सिद्ध करावं लागत नाही. मी ढाणकीत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो आणि परजीवींचा विषय आला की मुलांना आंब्यावरचं खरं बांडगूळ दाखवतो. ते आंब्याच्या फांदीत घुसून पाणी आणि क्षार घेतं, पण त्याला स्वतःची हिरवी पानंही असतात आणि अन्न ते बरंचसं स्वतःच तयार करतं. फुलटोच्यासारखे इवले पक्षी त्याच्या फळांवर जगतात. आंब्याच्या मालकाच्या लेखी ते छाटून टाकायची गोष्ट आहे. फुलटोच्याच्या लेखी ते वाढलेलं ताट आहे. दोघांपैकी चूक कोणाचीच नाही. मग बरोबर कोण, हे विचारणारा स्वतः कुठे उभा आहे, यावर बरंच काही ठरतं.

'पॅरासाइट : द मॅक्झिम' ही जपानी अ‍ॅनिमे मालिका याच प्रश्नावर उभी आहे, फक्त तिथे झाडाच्या जागी माणूस आहे. हितोशी इवाआकी यांची मूळ चित्रकथा, म्हणजे मांगा, ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत क्रमशः प्रसिद्ध झाली. 'मॅडहाउस' या स्टुडिओने केनिची शिमिझू यांच्या दिग्दर्शनाखाली तिची चोवीस भागांची मालिका केली आणि ती ऑक्टोबर २०१४ ते मार्च २०१५ दरम्यान जपानी दूरचित्रवाणीवर दाखवली गेली. याच नावाच्या, ऑस्कर मिळालेल्या कोरियन चित्रपटाशी तिचा काही संबंध नाही. माझे काही विद्यार्थी ती मोबाईलवर बघत होते आणि मधल्या सुट्टीत तिच्यावर भांडत होते. शिक्षकाला मुलांचं भांडण कळावं म्हणून मी ती बघितली आणि मग स्वतःसाठी दुसऱ्यांदा बघितली. तिच्यात काय दमदार आहे आणि ती कुठे कमी पडते, हे इथे मांडतो आहे. पुढे कथानकातल्या मोठ्या गोष्टी, शेवटासकट, येणार आहेत. ज्यांना ती कोरी बघायची आहे त्यांनी आधी बघून यावं.

कथा अशी. एका रात्री आकाशातून चेंडूएवढे गोळे पडतात. त्यांतून अळ्या निघतात, झोपलेल्या माणसांच्या कानानाकांतून शिरतात, डोकं गिळंकृत करतात आणि त्या धडावर स्वतः डोकं होऊन बसतात. ते डोकं त्या माणसासारखंच दिसतं, बोलतं, कामावर जातं. भूक लागली की मात्र ते फुलासारखं उलगडतं, त्याची पाती होतात आणि समोरच्या माणसाला ते खातं. शिनिची इझुमी हा शाळकरी मुलगा कानात इयरफोन घालून झोपलेला असतो, म्हणून त्याच्या वाट्याच्या अळीला कानातून शिरता येत नाही. ती उजव्या हातात शिरते. तो इयरफोनच्या वायरने दंड आवळतो आणि ती तिथेच अडकते. मेंदू वाचतो, हात जातो. आता त्या हाताला डोळे आहेत, तोंड आहे, आणि शिनिचीपेक्षा कितीतरी तल्लख बुद्धी आहे. त्याचं नाव मिगी, म्हणजे जपानीत 'उजवा'.

वर्गात आम्ही पहिली गोष्ट केली ती म्हणजे शीर्षकावर आक्षेप घेतला. यजमानाला जिवंत ठेवून त्याच्यावर जगतो तो परजीवी. या मालिकेतले बहुतेक जीव यजमानाला पहिल्याच रात्री संपवतात आणि नंतर इतर माणसांना मारून खातात. हे परभक्षी झाले, वाघाच्या रांगेतले. खरा परजीवी म्हणजे मिगी: तो शिनिचीच्या रक्तावर जगतो, शिनिची मेला तर तोही मरेल. हळूहळू दोघं एकमेकांना वाचवू लागतात आणि परजीवनाचं सहजीवन होतं. पाठ्यपुस्तकातल्या तीन वेगळ्या व्याख्या इथे एकाच गोष्टीत एकमेकींकडे सरकताना दिसतात. हे मालिकेचं पहिलं बळ. ती जीवशास्त्र सजावटीसाठी वापरत नाही, त्यातून प्रश्न काढते.

आता हिंसेबद्दल, कारण पालकांची तक्रार तिथूनच सुरू होते आणि ती रास्त आहे. पहिल्याच भागात एका घरात नवरा बायकोचं डोकं खातो. पुढे धडं कापली जातात, छाती फुटते, भिंती लाल होतात. माझ्या मते हे रक्त बहुतांशी खोटं नाही. आपल्याकडच्या मारधाडीच्या सिनेमात माणूस मरतो तेव्हा तो खलनायकाचा हस्तक म्हणून मरतो; इथे माणूस मांस म्हणून मरतो. हा फरक मोठा आहे. मारणाऱ्याच्या चेहऱ्यावर राग नाही, सूड नाही, मजाही नाही. आपण वांगं चिरतो तितक्याच शांतपणे ते माणूस चिरतात. मिगी एका प्रसंगी सांगतो की त्याने पुस्तकांतून 'सैतान' या शब्दाचा शोध घेतला आणि त्या वर्णनाला सगळ्यात जवळचा प्राणी त्याला माणूसच वाटला, कारण माणूस जवळपास सगळ्या जातींचे प्राणी खातो. हे तो टोमणा म्हणून म्हणत नाही. तो निरीक्षण नोंदवतो. बघणाऱ्याला किळस रक्ताची येते, पण झोप उडते ती या शांतपणाने. जीव जीवावर जगतो असं आपण जेवताना सहज म्हणतो; ते वाक्य खाल्ला जाणारा म्हणू लागला तर कसं ऐकू येईल, हे या मालिकेत कळतं.

दुसरं बळ शिनिचीच्या बदलात आहे. सहलीला गेलेल्या त्याच्या आईला एक परजीवी मारतो आणि तिचं शरीर घेऊन घरी येतो. लहानपणी उकळत्या तेलापासून पोराला वाचवताना भाजलेला तिचा हात, त्यावरचा तो व्रण तसाच आहे. आई मात्र नाही. ती शिनिचीच्या हृदयात पातं खुपसते. मिगी स्वतःचा काही भाग त्याच्या शरीरात मिसळून त्याला वाचवतो. त्यानंतर मुलगा जोरात पळतो, उंच उडी मारतो, लांबचं ऐकतो. आणि त्याला रडू येत नाही.

शक्ती मिळाल्याच्या गोष्टी आपण खूप ऐकल्या आहेत. त्यांत शक्ती बहुधा फुकट मिळते, फार तर गुरूची सेवा करावी लागते. इथे शक्तीची किंमत नेमकी लिहिलेली आहे. गाडीखाली आलेलं कुत्र्याचं पिल्लू मरेपर्यंत शिनिची त्याला जवळ घेऊन बसतो. जवळ उभ्या मैत्रिणीला त्याच्या मायेचं कौतुक वाटतं. पिल्लू मरतं आणि तो उठून ते सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकतो. आता ते पिल्लू राहिलेलं नाही, पिल्लाच्या आकाराचं मांस आहे, असं त्याला प्रामाणिकपणे वाटतं. तर्कात खोट काढता येत नाही, म्हणूनच ती मुलगी घाबरते. मेलेल्या देहाचा मान ठेवण्यात कसलाही हिशेब नसतो, आणि हिशेब नसलेल्या अशा गोष्टींनीच आपण एकमेकांना माणूस म्हणून ओळखतो. नीतिशास्त्रावरचं एक प्रकरण वाचून जे मुलांना कळणार नाही, ते त्यांना या दीड मिनिटात कळलं. वर्गात यावर कोणी हसलं नाही.

तिसरं बळ म्हणजे रेइको तामुरा. ही परजीवी बुद्धिमान आहे, शिक्षिका म्हणून वावरते, आणि दुसऱ्या परजीवीपासून तिला मूल होतं. मूल पूर्णपणे माणसाचं निघतं, कारण दोघांची शरीरं माणसांचीच आहेत. मग आपली जात वाढणार कशी, आपण आलो कशासाठी, हा प्रश्न तिला पडतो आणि ती तो सोडत नाही. सुरुवातीला मूल हा तिचा प्रयोग असतो. अठराव्या भागात पोलिसांच्या गोळ्या झेलत ती ते मूल स्वतःच्या अंगाआड धरून उभी राहते, प्रतिकार करू शकत असूनही करत नाही, आणि शिनिचीच्या आईचा चेहरा धारण करून मूल त्याच्या हाती देते. शिनिचीला इथे पुन्हा रडू येतं. परक्या जातीची एक बाई मरताना एका मुलाला त्याचे अश्रू परत करते. मालिकेने इथेच संपायला हवं होतं, असं माझं एक मन म्हणतं.

ती संपत नाही, आणि आता तिच्या उणिवा.

छोट्या उणिवा आधी. पार्श्वसंगीत पुष्कळदा प्रसंगावर चढून बसतं. अनेक भागांना जगातल्या नामांकित पुस्तकांची शीर्षकं दिली आहेत, काफ्का, काम्यू, नीत्शे, दस्तयेव्हस्की. पण भागाचा आशय त्या पुस्तकाशी खरोखर झुंजतो असं क्वचितच होतं. छातीवर बिल्ला लावल्यासारखं ते वाटतं. मूळ मांगा ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सुरू झाली होती. मालिकेने मुलांच्या हाती स्मार्टफोन दिले, पण मुली त्या काळातल्याच ठेवल्या. आई मरते ती शिनिचीला शक्ती आणि दुःख द्यायला. त्याच्यावर जीव टाकणारी काना मरते ती त्याला अपराधी वाटावं म्हणून. सातोमी वाचते, पण तू पूर्वीचाच आहेस ना, हे विचारण्यापलीकडे तिला फारसं काम नाही.

त्याहून मोठी उणीव मेलेल्यांची आहे. शाळेत एका परजीवीचं बिंग फुटतं आणि तो वर्गावर्गांत मुलं कापत सुटतो. भयंकर प्रसंग आहे. त्यानंतर काय होतं? मुलं पुन्हा शाळेत येतात, गोष्ट पुढच्या शत्रूकडे वळते. मेलेल्यांची नावं आपल्याला माहीत होत नाहीत. त्यांच्या आयांचं, रिकाम्या बाकांचं काय झालं, हे कोणी विचारत नाही. पिल्लाला मांस म्हणू नये असं शिकवणारी मालिका डझनांनी माणसं मांसासारखी वापरते. हिंसा दाखवल्याबद्दल माझी तक्रार नाही, दाखवून झाल्यावर ती विसरल्याबद्दल आहे.

पण ज्या उणिवेसाठी हा लेख लिहितो आहे ती वेगळी आहे, आणि ती कळायला यवतमाळ जिल्ह्यात राहण्याचा मला उपयोग झाला.

मालिकेची सुरुवातच एका विचाराने होते: माणसांची संख्या निम्मी झाली तर किती जंगलं वाचतील. शेवटाकडे हिरोकावा नावाचा महापौर सभागृहात भाषण करतो. पृथ्वीला झालेला खरा रोग माणूसच आहे, माणसाची संख्या आटोक्यात ठेवणारं कोणीतरी हवं, असा त्याचा मुद्दा. सैनिक त्याला गोळ्या घालतात आणि मग कळतं की परजीवींचा हा पुढारी स्वतः साधा माणूस होता. कलाटणी झकास आहे. माझ्या बऱ्याच मुलांना ते भाषण पटलं होतं. मोबाईलवर मान हलवत, खरंच सर, माणूसच बांडगूळ आहे, असं ती म्हणत होती.

मी त्यांना विचारलं, कोणता माणूस?

आमच्याच जिल्ह्यात, पण ढाणकीपासून दूर, दुसऱ्या टोकाला राळेगाव-पांढरकवड्याकडे, २०१६ ते २०१८ या काळात वाघाच्या हल्ल्यांत तेरा माणसं मेली. वनखात्याच्या मते हे काम टी-१ या वाघिणीचं होतं. बाहेरचं जग तिला अवनी म्हणून ओळखतं. सप्टेंबर २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, पकडता आली नाही तर तिला मारण्याच्या आदेशात हस्तक्षेप करायला नकार दिला. हत्ती आणले गेले, ड्रोन उडवले गेले, तिला ओढून आणायला परदेशी अत्तरसुद्धा वापरलं गेलं. २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री बोराटीच्या परिसरात तिला गोळी घातली गेली. मागे दहा-अकरा महिन्यांचे दोन बछडे राहिले. तिला बेशुद्ध करण्याचा प्रयत्न नीट झाला होता का, यावर मोठा वाद झाला, आणि तो वाद आवश्यकच होता. शहरांत निषेध झाले. त्या भागातल्या गावांत फटाके फुटले, पेढे वाटले गेले, आणि त्याचाही पुढे न्यायालयात मुद्दा झाला.

त्या दिवसांत जे बोललं गेलं ते आठवून बघा. वाघिणीला नाव होतं. तेरा जणांचा आकडा होता. माणसाने जंगलावर अतिक्रमण केलं, माणूस हावरट आहे, अशी वाक्यं तेव्हा रोज ऐकू येत होती, आणि एका पातळीवर ती खरीच आहेत. पण जंगलातून रस्ता काढणारा माणूस, खाणीचा करार करणारा माणूस, आणि दोन एकर कपाशीच्या बांधावर बैल चारताना मेलेला माणूस, हे तिघे 'माणूस' या एका शब्दात बसवले की पहिल्या दोघांच्या अपराधाची शिक्षा तिसऱ्याला झाली तरी न्याय झाल्यासारखं वाटतं. हिरोकावाच्या भाषणात हीच चलाखी आहे. 'मानवजात' हा आरोपी इतका मोठा आहे की त्याच्या मागे प्रत्यक्ष आरोपी आरामात लपतो.

विषाचंही तसंच. २०१७च्या हंगामात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यांत भरती झाले. बीटी कपाशीलाही न जुमानणारी गुलाबी बोंडअळी, त्या वर्षी डोक्याच्या वर वाढलेली झाडं, एकत्र मिसळलेली औषधं, तोंडाला रुमालाशिवाय काही नाही. माणसाने निसर्गात विष कालवलं, हे वाक्य खरं आहे. त्यात एवढंच राहून जातं की ते विष आधी पंप पाठीवर घेतलेल्याच्या नाकात गेलं. तो रोजंदारीवर होता. तो कोणत्या मानवजातीचा?

आता मालिकेकडे परत येतो, कारण ती नेमकी याच जागी येऊन उभी राहते. गोतो हा सगळ्यात बलाढ्य शत्रू, एका शरीरात पाच परजीवी. शिनिची त्याच्यापासून पळत डोंगरातल्या एका गावात पोचतो. मित्सुयो नावाची एकटी राहणारी म्हातारी त्याला घरात घेते, जेवू घालते, रागावते. गोतो त्या रानात येतो, आजूबाजूची माणसं मरू लागतात, गाव भीतीने गोठतं. आपल्या ओळखीची गोष्ट आहे ही! शिनिची रात्री लढायला निघतो. रानात कोणीतरी बेकायदा आणून टाकलेल्या कचऱ्याच्या ढिगाऱ्यातली एक गंजलेली सळई तो गोतोच्या शरीरात खुपसतो. तिच्यातलं विष भिनतं आणि एकजुटीतले पाच जीव आपापल्या वाटेने सुटू लागतात. माणसाच्या घाणीने माणूस वाचतो. हा उपरोध जबरदस्त आहे. पण तो कचरा कोणी टाकला, आणि त्या रानातलं पाणी कोण पितं, हे विचारायला मालिका थांबत नाही. मित्सुयो प्यायची असेल. ती बाई सगळ्या मालिकेतलं सगळ्यात खरं माणूस आहे आणि तिच्या वाट्याला जेमतेम दोन भाग आले आहेत.

गोतोचे तुकडे पुन्हा जुळू लागतात. शिनिचीपुढे प्रश्न उभा राहतो: आता मारायचं का? आधी तो माघार घेतो. कोणाला जगू द्यायचं हे माणसाने का ठरवावं, पृथ्वीच्या दृष्टीने कोण चांगलं कोण वाईट, हे मला काय माहीत, असा त्याचा विचार. तो निघतो. मग वळतो. आपण पृथ्वीच्या वतीने बोलणारे कोणी नाही, आपण घरच्या माणसांपुरते आहोत, एवढं त्याला कळतं. तू काही वाईट केलेलं नाहीस, असं मनोमन कबूल करून, माफी मागून, तो शेवटचा वार करतो.

ही मालिकेतली सर्वोच्च जागा आहे असं मला वाटतं, आणि हिरोकावाच्या भाषणाला तिने दिलेलं खरं उत्तरही. पृथ्वीच्या उंचीवरून बोलणारा कोणाचाच नसतो. तिथून बघितलं तर तेरा म्हणजे काहीच नाही, वीस म्हणजे काहीच नाही, आणि खरं तर वाघीणही काहीच नाही. नैतिक निर्णय खालीच घ्यावा लागतो. जिथे माझं कोणीतरी मरू शकतं आणि समोरच्याचंही, तिथे. तो घेतल्यावर हात स्वच्छ राहत नाहीत. शिनिचीचं बरोबर होतं, पण बरोबर असल्याने त्याची सुटका होत नाही. या दोन्ही गोष्टी मालिका त्या मिनिटाला एकदम सांगते.

तरी एक प्रश्न उरतो आणि तो मला सोडत नाही. शिनिचीने माफी मागितली. गावांत फटाके फुटले. मग त्या गावांची नीती शिनिचीपेक्षा हलकी म्हणायची का? मला तसं म्हणवत नाही. दोन वर्षं कापूस वेचायला एकट्याने जाता आलं नाही, गुरं सोडताना पाठीमागे बघावं लागलं, संध्याकाळ पडली की दार लावावं लागलं, त्या माणसांकडे आपण दुःखाची मागणी करावी हे मला उद्धट वाटतं. त्यांचे फटाके म्हणजे मोकळा झालेला श्वास होता. पण गोळी झाडणारा, आदेशावर सही करणारा, आणि त्याआधीची कितीतरी वर्षं जंगलाचे तुकडे पडू देणारा, यांच्याकडे मी शिनिचीची मागणी जरूर करीन. ज्याच्या हाती ताकद आहे त्याला खेद चुकवता येऊ नये. मिगी अंगात आल्यावर शिनिचीचे अश्रू आटले होते. ताकद मिळालेल्या सगळ्यांचेच आटतात. ते परत मिळवणं हे त्यांचं काम आहे, गावकऱ्यांचं नाही.

आपल्या शेतीत याचं एक साधं उदाहरण आहे. ट्रायकोग्रामा नावाची टाचणीच्या टोकाएवढी गांधीलमाशीची जात बोंडअळीच्या अंड्यात आपलं अंडं घालते, आणि आतून अळीऐवजी तीच बाहेर येते. या मालिकेतल्या अळ्यांइतकंच हे भयंकर आहे. कृषी खातं तिला मित्रकीटक म्हणतं, तिची कार्डं कपाशीच्या पानांना लावायला सांगतं. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नाही, कारण आम्ही कपाशीच्या बाजूने उभे आहोत, आणि ते आम्ही लपवत नाही. बाजू असण्यात पाप नाही. आपली बाजू विश्वाची बाजू म्हणून खपवण्यात आहे.

मग मुलांनी ही मालिका बघावी का? आठवी-नववीच्या पोरांनी नाही. ते रक्त त्यांच्या डोळ्यांत राहील आणि प्रश्न राहणार नाही. अकरावी-बारावीच्या मुलांनी बघावी, शक्यतो एकट्याने रात्री सलग नको, आणि बघून झाल्यावर कोणाशी तरी भांडावी. चोवीस भागांतले सहा-सात सहज गाळता आले असते. तरीही जे उरतं ते, पोरांना गुळगुळीत बोध पाजणाऱ्या शंभर गोष्टींपेक्षा, मला मोलाचं वाटतं. तिच्या चुकासुद्धा शिकवायला उपयोगी आहेत. मेलेल्यांना नाव न देणं म्हणजे काय असतं, हे तिच्याच चुकीवरून वर्गात दाखवता आलं.

आमच्या चर्चेत एक मुलगा म्हणाला, गोतोला मारायलाच नको होतं, जंगलात राहू द्यायचं, माणसांनी तिकडे जायचं नाही. सगळ्यांना ते पटलं. न्याय झाला, कोणाचं नुकसान नाही. मागच्या बाकावर अभयारण्याला लागून असलेल्या एका तांड्यावरची मुलगी बसते. तिच्या घरचे उन्हाळ्यात मोहफुलं वेचतात, तेंदूपत्ता तोडतात, वर्षभर शेळ्या चारतात. ती सहसा बोलत नाही.

ती म्हणाली, "सर, माणसांनी जायचं नाही म्हंजे कोणी? हे तं तसंही जात नाहीत. जातो आमीच नं."

तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठलं नाही. मुलगा थोडा वेळ गप्प राहिला आणि मग त्याने, वाद घालण्यासाठी नव्हे तर खरंच माहिती हवी म्हणून, तिला विचारलं की जंगलात जाताना तुम्ही नेमकं काय करता. ती सांगू लागली.